अंथरूण, पाय आणि महासत्ता : गॅडिस यांचं 'कंटेनमेंट' वाचताना

निवृत्त_लेजर (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार.

गेले दोन महिने एकच पुस्तक पुरवून पुरवून वाचतोय. जॉन लुईस गॅडिस या अमेरिकन इतिहासकाराचं 'स्ट्रॅटेजीज ऑफ कंटेनमेंट'. कंटेनमेंट म्हणजे सोव्हिएत रशियाला पसरू न देता अडवून धरण्याचं अमेरिकेचं धोरण. पहिली आवृत्ती १९८२ ची, म्हणजे शीतयुद्ध ऐन भरात असतानाची. २००५ मध्ये त्यांनी शेवटापर्यंतची गोष्ट जोडली. माझ्याकडे ही नंतरची आवृत्ती आहे.

अमेरिका-सोव्हिएत भांडणावर पुस्तकं पोत्यानं मिळतात. हे मला भावलं, कारण हे हिशेबाचं पुस्तक आहे. मी आयुष्य बँकेत, त्यातही बरंचसं कर्जखात्यात काढलं, त्यामुळे असेल. गॅडिस म्हणतात, रशियाला अडवायचं यावर सगळ्या राष्ट्राध्यक्षांचं एकमत होतं. भांडण होतं ते कसं आणि किती खर्चात यावर. त्यातून ते दोन तऱ्हा पाडतात.

पहिली तऱ्हा जॉर्ज केनन या अमेरिकन मुत्सद्द्याची. १९४६ च्या फेब्रुवारीत मॉस्कोतून त्यानं ती प्रसिद्ध लांबलचक तार पाठवली. त्याचं म्हणणं, जगात युद्धसामग्री बनवू शकतील अशी औद्योगिक केंद्रं पाचच : अमेरिका, ब्रिटन, युरोपातला ऱ्हाइन नदीचा पट्टा, जपान आणि सोव्हिएत संघ. यातलं एकच शत्रूकडे आहे. बाकीची त्याच्या हाती जाऊ दिली नाहीत की झालं, प्रत्येक वाडीवस्तीसाठी लढायची गरज नाही. आपण आपल्या जोरावर, आपल्याला सोयीच्या ठिकाणी खेळायचं. म्हणजे अंथरूण पाहून पाय पसरायचे.

दुसरी तऱ्हा १९५० च्या 'एनएससी-६८' या गुप्त टिपणाची. त्यामागे परराष्ट्र खात्यातले पॉल निट्झे. त्यांच्या मते कुठेही हरलो तरी सगळीकडे हरलो. शत्रू जिथे, जसा येईल तिथे, तसंच उत्तर द्यायचं. पैसा? तो वाढवता येतो! पाय लांब झाले तर अंथरूण शिवून घेऊ. कोरियाचं युद्ध पेटलं आणि साडेतेरा अब्ज डॉलरचं संरक्षण अंदाजपत्रक पन्नास अब्जांच्या घरात गेलं.

पुढे आयझेनहॉवर पहिल्या तऱ्हेचा, केनेडी-जॉन्सन दुसरीचे, निक्सन आणि त्याचा सल्लागार किसिंजर परत पहिलीचे. गंमत म्हणजे गॅडिस यांचा निष्कर्ष असा की हे झोके रशियानं काय केलं यापेक्षा अमेरिकेतल्या घरगुती कारणांनी, विशेषतः पैसा मर्यादित आहे की वाढवता येतो या समजुतीनं बसले.

माझा प्रश्न : तुम्हाला हे पटतं का? की इतिहासकारानं मागाहून नीट घडी घातली आहे?

---

शेंगदाणा_कूट

कंटेनमेंट म्हटलं की मला फक्त २०२० मध्ये सोसायटीच्या गेटला ठोकलेले पत्रे आठवतात. ह. घ्या.

---

वाचनवेडी

@शेंगदाणा_कूट, हसू नका, उपमा बरोबर आहे. पत्रे ठोकले की रोगी बरा होत नाही. आत काय व्हायचं ते होवो, बाहेर पसरू नये, एवढंच. केननची अपेक्षा हीच होती. धीर धरा, दाब कायम ठेवा, आतून ही व्यवस्था एक तर मोडेल नाही तर मवाळ होईल. १९४७ मध्ये 'एक्स' या टोपणनावानं त्याचा लेख आला, त्यात हे आहे. आपल्याकडे टोपणनावानं लिहिणारे फक्त दिवाळी अंकांचे संपादक अडचणीत आणतात, यानं परराष्ट्र खातं आणलं.

पण लेजरकाका, माझा एक आक्षेप. त्याच लेखात तो असंही सुचवतो की रशिया जिथे जिथे सरकेल तिथे तिथे प्रतिशक्ती उभी करायची. वॉल्टर लिपमन या अमेरिकन स्तंभलेखकानं तेव्हाच झोडपलं होतं की असं केलं तर खेळ कुठे खेळायचा हे मॉस्को ठरवेल. म्हणजे 'पाच केंद्रं पुरे' म्हणणारा आणि 'सगळीकडे रोखा' म्हणणारा, दोन्ही केननच! गॅडिस त्याला सोडवून घेतात. आतली टिपणं, भाषणं दाखवून म्हणतात, त्याचा खरा विचार पहिला होता. मला ही वकिली वाटते.

---

सह्यकडा

छान धागा. पण हा विचार आपल्याला नवा आहे का? थोरल्या महाराजांनी मोजके गड धरले, मोगलांनी सगळा मुलूख धरायला...

---

बेरकी

आले! प्रत्येक धाग्यात महाराज आणलेच पाहिजेत का? गॅस सिलिंडरच्या धाग्यावरही आणले होते तुम्ही.

---

सह्यकडा

ते सिलिंडरचं वेगळं होतं. असो, थांबतो.

---

अटलांटिकपार

@वाचनवेडी, वकिली हा शब्द जड आहे, पण रोख चुकलेला नाही. गॅडिस पुढे केननचे अधिकृत चरित्रकार झाले. अट अशी की चरित्र केनन वारल्यावरच छापायचं. आणि केनन जगला १०१ वर्षं! २००५ मध्ये गेला, चरित्र २०११ मध्ये आलं, पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं. तीस वर्षं एका माणसाचे कागद चाळणाऱ्याला त्याच्याबद्दल माया वाटणारच.

तरी दोघे सरसकट एका बाजूला नव्हते. केननला 'नाटो' नको होती, हायड्रोजन बॉम्ब नको होता, आपली कल्पना लष्करानं पळवली अशी त्याची आयुष्यभराची तक्रार. रेगनचं तर त्याला काहीच पटलं नाही. गॅडिस मात्र रेगनला बरेच गुण देतात.

घडी घालण्याबद्दल : १९८२ मध्ये हे लिहिणं सोपं झालं, कारण कागद नुकतेच खुले झाले होते. एनएससी-६८ सुद्धा १९७५ मध्ये उघड झालं. त्याआधी लोक भाषणांवरून धोरण ओळखत, म्हणजे हळदीच्या निमंत्रणावरून संसार ओळखण्यासारखं. आतलं टिपण वाचलं की कळतं, कोण कशाला घाबरत होतं.

---

कणसातला_किडा

वॉशिंग्टनच्या खुर्चीत बसून लिहिलेला इतिहास आहे हा. खुर्चीखाली कोण चिरडलं ते दिसत नाही.

आयझेनहॉवर 'काटकसरी' म्हणून गॅडिस आणि तुम्ही सगळे कौतुक करताय. काटकसर कशी केली? स्वतःचं सैन्य कमी, अणुबॉम्बचा धाक जास्त, बाकी कामं दोस्तांकडून आणि हेर खात्याकडून. १९५३ मध्ये इराण, १९५४ मध्ये ग्वाटेमाला. दोन निवडून आलेली सरकारं गेली, अमेरिकेच्या खर्चवहीत किरकोळ रक्कम. इराणनं ते बिल कित्येक दशकं भरलं. आणि आपल्या शेजारी? १९५४ मध्ये पाकिस्तानशी लष्करी करार, मग 'सीटो', मग बगदाद करार, हे पाकिस्तानला सामील करून घेणारे रशियाविरोधी गट. स्वस्तातल्या कंटेनमेंटचे हप्ते आपल्या सरहद्दीवर फिटले. १ मे १९६० ला जे यू-२ हेर विमान रशियावर पडलं, ते उडालं होतं पेशावरहून.

कर्जखात्यातल्या माणसाला विचारतो : जामीनदाराचं घर जप्त झालं तर ते कर्ज 'स्वस्त' म्हणायचं?

---

निवृत्त_लेजर

किडासाहेब, बरोबर जागी चावलात. जामीनदार हा शब्द माझ्या डोक्यात आला नव्हता.

---

ओझरकर

अवांतर होईल, पण सांगतो. माझे वडील ओझरला मिगच्या कारखान्यात होते. टाउनशिपमध्ये रशियन तज्ज्ञांची कुटुंबं असायची. आई त्यांच्याकडून शिकून बीटचं काहीतरी करायची, आम्ही ते गुपचूप मांजराला घालायचो. मांजरही खायचं नाही.

मोठा झाल्यावर कळलं की आमचं घर तिथे असण्यामागे हीच भानगड होती. पाकिस्तानला अमेरिकेनं एफ-१०४ विमानं दिली. आपण मागितली तर नकार. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून मे १९६४ मध्ये अमेरिकेला गेले, तिथेच असताना नेहरू गेल्याची बातमी आली. त्याच वर्षी ते मॉस्कोलाही गेले. मिग-२१ ची बोलणी त्याआधीच, १९६२ मध्ये झाली होती, आणि १९६४ मध्ये ओझरचा कारखाना उभा राहिला. म्हणजे गॅडिस यांच्या पुस्तकात जी ओळ 'दोस्त जोडून खर्च वाचवला' अशी असेल, तिचं नाशिक जिल्ह्यातलं भाषांतर म्हणजे आमचं क्वार्टर.

---

सुगरण_पक्षी

ओझरकर, मांजराबद्दल सहानुभूती.

'सोव्हिएत देश' मासिकाच्या गुळगुळीत कागदाची वह्यांना कव्हरं घातलेले किती जण आहेत इथे? आमच्याकडे मामा अमेरिकेचं 'स्पॅन' मासिक आणायचा आणि काका 'सोव्हिएत देश'. माझ्या गणिताच्या वहीवर ट्रॅक्टर आणि भूगोलाच्या वहीवर गगनचुंबी इमारती. अलिप्ततावाद म्हणजे हाच असं मला बरेच दिवस वाटायचं.

---

शेंगदाणा_कूट

+१. कागद रशियाचा चांगला होता. शाई पसरायची नाही. शीतयुद्ध त्यांनी तिथेच जिंकलं होतं.

---

माळावरचा

आमच्याकडं बीडला कव्हरं नव्हती, मिलो होती. बहात्तरचा दुष्काळ. रेशनला लाल ज्वारी यायची अमेरिकेची. थापायला घेतली की भाकर तुटायची, तव्यावर पडेपर्यंत तीन तुकडे. माय म्हणायची, ही जनावराची आहे, त्यांनी आपल्याला धाडली. ते पीएल-४८० म्हणतात, अमेरिकेचा सवलतीत धान्य द्यायचा कायदा, ते हेच ना? फुकटात दिलं आणि आपल्याला गप्प केलं, असं आमचे मास्तर सांगायचे. गाजरगवतही त्याच गव्हातून आलं म्हणायचे.

---

तळटीप

माळावरचा, तुमची आठवण शंभर टक्के खरी, मास्तरांचा हिशेब थोडा दुरुस्त करतो. (नावाप्रमाणे वागतोय, क्षमस्व.)

पीएल-४८० खाली भारताचा करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. त्याचा खरा जाच झाला १९६५-६६ च्या दुष्काळात. १९६६ साली आपण सुमारे १ कोटी टन धान्य बाहेरून आणलं. जॉन्सननं तेव्हा दोरी आखडती धरली. वर्षाचा करार नाही, थोडं थोडं सोडायचं. शेतीधोरण बदला आणि व्हिएतनामवर जरा तोंड आवरा, असा मामला. इथे गॅडिस यांची दुसरी तऱ्हा दिसते बघा. सगळंच हितसंबंध झालं की भारतानं व्हिएतनामबद्दल काढलेलं पत्रकही हितसंबंधात येतं, आणि गव्हाचं जहाजही शस्त्र होतं.

१९७२ ची गोष्ट मात्र वेगळी. तोपर्यंत आपण सवलतीच्या धान्यावरून उठलो होतो, आलं ते बरंचसं विकत. आणि महाग का पडलं? त्याच उन्हाळ्यात सोव्हिएत संघानं अमेरिकेकडून १ कोटी टनांहून अधिक धान्य गुपचूप उचललं. निक्सन-किसिंजर तेव्हा रशियाशी जुळवून घेत होते, त्यासाठी उधारीही दिली होती. जगभर गव्हाचा भाव भडकला, आणि नेमका तेव्हा महाराष्ट्र होरपळत होता. १९७३ मध्ये रशियानं भारताला २० लाख टन गहू उसना दिला. म्हणजे महासत्ता भांडल्या तरी आपल्याला फटका, मिटवून घेतलं तरी आपल्याला फटका.

गाजरगवत : पुण्यात त्याची नोंद १९५५ च्या सुमाराची, म्हणजे पीएल-४८० च्या करारापूर्वीची. त्याआधी १९५१ मध्ये अमेरिकेनं गहू-कर्ज दिलं होतं, त्यातून आलं म्हणता येईल फार तर. ते कर्जही तिथल्या संसदेत रखडलं होतं, कारण कोरियाच्या युद्धात भारत त्यांच्या मनासारखं बोलत नव्हता.

---

माळावरचा

मास्तर आता नाहीत, नाहीतर तुम्हाला बाकावर उभं केलं असतं. पण माहिती भारी. रशियानं गहू ओढला म्हणून आमची भाकर तुटली हे आज कळलं.

---

अटलांटिकपार

@तळटीप, प्रतिसाद जपून ठेवला आहे. निक्सनबद्दल अजून एक. १९७१ च्या जुलैत किसिंजर पाकिस्तानातून गुपचूप बीजिंगला गेला, बाहेर सांगितलं की पोट बिघडलंय. चीनला जवळ करून रशियाला कोंडीत धरायचं, ही तऱ्हा क्रमांक एकची नामी चाल. पण त्या वाटेचा पहारेकरी पाकिस्तानचा राष्ट्राध्यक्ष याह्या खान, म्हणून ढाक्यात काय चाललंय याकडे डोळेझाक. ऑगस्टमध्ये आपला सोव्हिएतशी करार, डिसेंबरात 'एंटरप्राइज' ही अमेरिकन विमानवाहू युद्धनौका बंगालच्या उपसागरात. एका टोकाला हिशेब इतका चोख बसवला की दुसऱ्या टोकाला भारत आपणहून रशियाच्या ओसरीवर जाऊन बसला.

---

बेरकी

पोट बिघडल्याचं कारण सांगून दांडी मारायची पद्धत तेव्हापासून आहे तर. आमच्या साहेबाला दाखवतो हा धागा.

---

वाचनवेडी

कंटेनमेंटला मराठी शब्द काय वापरावा? 'नाकेबंदी' लिहितात काही जण, ते चूक वाटतं. नाकेबंदी क्युबाची झाली १९६२ मध्ये.

---

सुगरण_पक्षी

थोपवणूक?

---

माळावरचा

बांध. पाणी आडवायचं, पण मुरू द्यायचं. जोरात आडवलं तर बांधच फुटतो.

---

सह्यकडा

वेसण! (हे सतराव्या शतकातलं नाही, चालेल ना बेरकी?)

---

तळटीप

वेसण घातलेला बैल आपल्या दावणीचा असतो, शेजाऱ्याच्या बैलाला वेसण घालता येत नाही. 'बांध'ला माझं मत.

---

कणसातला_किडा

शब्द कुठलाही घ्या. मूळ प्रश्नावर येतो, कारण धागाकर्ते वाट बघत असतील.

दोन तऱ्हा मला फार स्वच्छ वाटतात. काटकसरी आयझेनहॉवरनं १९५८ मध्ये लेबनॉनमध्ये हजारो सैनिक उतरवले. 'सगळीकडे लढू' म्हणणाऱ्या केनेडीनं १९६३ मध्ये अणुचाचणीबंदीचा करार केला. 'संयमी' निक्सननं कंबोडियावर बॉम्ब टाकले. कपाटाला दोनच खण केले की कपडे कोंबावेच लागतात.

---

अटलांटिकपार

खण कमी आहेत, मान्य. पण ते काढून टाकले तर व्हिएतनाम समजावून सांगता येत नाही. पाच केंद्रांच्या यादीत व्हिएतनाम कुठेही नव्हता. मग तिथे पाच लाखांवर सैनिक कसे पोचले? गॅडिस यांचं उत्तर मला अजूनही सर्वांत पटणारं वाटतं. आधी आपलं हित काय ते ठरवून मग धोका मोजायचा, हा क्रम उलटला. जिथे धोका दिसेल तिथे हित आहेच, असं धरलं गेलं. एकदा तसं धरलं की कुठलाच माळ ओसाड राहत नाही. शिवाय साधनं वाढवता येतात ही खात्री असली की 'हे परवडतं का?' विचारणारा माणूस बैठकीतून आपोआप गळतो. ५८ हजार अमेरिकन मेले, व्हिएतनामी किती ते लाखांत मोजायचं.

---

तळटीप

रेगनचं काय करायचं मग? त्यानं अंथरूणही शिवलं आणि मॉस्कोशी सौदाही केला.

---

निवृत्त_लेजर

सगळ्यांचे आभार. धागा इतका जाईल असं वाटलं नव्हतं.

तळटीप, रेगनचं प्रकरण परत वाचलं. गॅडिस म्हणतात, त्यानं रशियाच्या दुबळ्या जागी, म्हणजे पैशाच्या आणि यंत्रज्ञानाच्या जागी दाब दिला आणि गोर्बाचेव्ह आल्यावर हात पुढे केला. मला बँकेच्या भाषेत ते ओव्हरड्राफ्ट काढून शेजाऱ्याला लिलावात दमवल्यासारखं दिसतं. शेजारी आधीच बुडत होता. अफगाणिस्तानात अडकलेला, १९८६ मध्ये तेलाचे भाव पडलेले. लिलाव जिंकला म्हणून ओव्हरड्राफ्ट शहाणपणाचा ठरत नाही. इथे मात्र गॅडिस यांची लेखणी सैल झाली आहे असं माझं मत. शेवट ठाऊक असताना लिहिलेलं प्रकरण आहे ते. १९८२ ची प्रकरणं शेवट ठाऊक नसताना लिहिलेली, म्हणून जास्त तिखट.

झोके घरच्या समजुतीनं बसले, हे मला पहिल्यापेक्षा जास्त पटलंय. एनएससी-६८ च्या वेळी ट्रूमनचे आर्थिक सल्लागार लिऑन कीसरलिंग सांगत होते की अर्थव्यवस्था वाढेल, खर्च झेपेल. तीनच वर्षांनी आयझेनहॉवर आला आणि म्हणाला, असाच खर्च चालला तर ज्याचं रक्षण करतोय तेच पोखरून निघेल. रशिया तोच होता. वही लिहिणारा बदलला होता.

किडासाहेबांच्या जामीनदारावर मात्र माझ्याकडे उत्तर नाही. पुस्तकात तो रकानाच नाही. माळावरच्यांची भाकरी, ओझरकरांचं क्वार्टर, तारापूरचं इंधन, या नोंदी दुसऱ्या कुठल्या तरी वहीत असणार.

---

सुगरण_पक्षी

तारापूरचं काय?

---

तळटीप

आलोच. १९६३ चा करार, अणुभट्ट्या अमेरिकन, वीज सुरू १९६९ मध्ये, इंधनही त्यांनीच तीस वर्षं द्यायचं कबूल केलेलं. १९७४ मध्ये पोखरण झालं, १९७८ मध्ये त्यांनी स्वतःचा कायदा बदलला आणि पुरवठा आटला. शेवटी १९८० च्या दशकात फ्रान्सनं इंधन दिलं. यावर वेगळा धागा काढा कुणीतरी, मी त्यात पण चुका काढीन.

---

ओझरकर

वडिलांना सगळा धागा वाचून दाखवला. वय ८४. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते बीटचं नव्हतं, कोबीचं होतं."

---

नवा_पाहुणा

धागा वाचला नाही, पण कंटेनमेंट झोनचे पत्रे आमच्याकडे अजून पडून आहेत. कुणाला हवे असल्यास व्यनि करा.